बिनतिकीट, हाफ, फुल : लेकरं घेऊन मराठवाड्यात फिरायचं कसं

एसटीच्या कंडक्टरकडे लेकरांच्या वयाचा हिशेब पक्का असतो. पाच वर्षांपर्यंत तिकीट नाही, पाच ते बारा हाफ, बारा पूर्ण झाली की फुल. घरच्या प्रवासाची आखणी करताना मला हीच वाटणी सगळ्यात कामाची वाटते. बिनतिकीट वयात लेकराला कुठे नेलं यापेक्षा कसं नेलं ते महत्त्वाचं. हाफ तिकिटाच्या वयात त्याच्या हाताला काम लागतं. फुल तिकीट झालं की त्याला थोडा अधिकार द्यावा लागतो, नाहीतर ते सोबत येतं पण मान मोबाइलमधून वर काढत नाही.

दिवाळीत, उन्हाळ्यात नाहीतर येळवशीला (वेळ अमावस्येला) गावी जाणारी आणि त्याला जोडून एखादं ठिकाण बघणारी बरीच घरं मराठवाड्यात आहेत. हे सगळं त्यांच्यासाठी.

ठिकाण एकच निवडा

वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, देवगिरी, पाणचक्की आणि बीबी का मकबरा, हे सगळं एका दिवसात उरकणारी कुटुंबं मी नेहमी बघतो. संध्याकाळी मकबऱ्याच्या पायऱ्यांवर लेकरं पेंगत असतात आणि मोठी माणसं एकमेकांवर खेकसत असतात. सहा वर्षांच्या पोराला या सहापैकी एकही ठिकाण धड दिसलेलं नसतं.

त्यापेक्षा घरापासून किंवा आजोळापासून दोन तासांच्या आतलं एकच ठिकाण ठरवा आणि दर वर्षा-दोन वर्षांनी तिथेच जा. दगड तेच राहतात आणि लेकरू बदलतं, म्हणूनच ते किती बदललं ते तिथे चटकन दिसतं. दोनदा जाऊनही संपणार नाही एवढं ते ठिकाण मोठं असावं. सावली, पाणी आणि बरं स्वच्छतागृह हवं. आणि वयाप्रमाणे पुढे सरकता येईल असं काहीतरी तिथे हवं. यंदा फाटकापर्यंत, पुढच्या वेळी तटापर्यंत, मग वरपर्यंत.

तीन-चार वर्षांच्या लेकरासाठी माझी पहिली पसंती भुईकोट किल्ल्यांना आहे. मराठवाड्यात ते भरपूर आहेत. लातूरकरांना औसा आणि उदगीर, नांदेडकरांना कंधार, धाराशिवकरांना परंडा आणि नळदुर्ग. यांना डोंगर चढावा लागत नाही. दरवाजातून आत गेलं की पळायला मोकळी जागा, भिंतींची सावली आणि परंड्यासारख्या ठिकाणी तोफा. पण इथल्या बुरुजांना कठडे नसतात आणि विहिरी उघड्या असतात. चार वर्षांच्या आतल्या लेकराचा हात एका मोठ्या माणसाने धरायचा आणि त्या वेळी दुसरं कुठलंही काम करायचं नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही. तटाला आग्या मोहोळ दिसलं तर तिथे धूर, दगड, आरडाओरडा काही नको. गुपचूप दुसऱ्या बाजूला निघा.

नळदुर्गाची गंमत पावसावर आहे. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. बंधारा भरला की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, त्यांना नर आणि मादी म्हणतात. बोरीला पाणी नसेल तर लेकरं हिरमुसतात, म्हणून निघायच्या आधी नळदुर्गात कुणा ओळखीच्याला फोन करा.

एक गोष्ट आताच फ्रिजवर लिहून ठेवा : वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी बंद. सोमवारी घृष्णेश्वराचं दर्शन, गावात मुक्काम आणि मंगळवारी सकाळी लेणी असा बेत करून फाटकावरून परत फिरणारी कुटुंबं दर आठवड्याला दिसतात. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तेव्हा पैशासाठी घाई करायचं कारण नाही.

ऋतू

एप्रिल-मे सोडा. पारा ४० च्या वर असतो, दगड तापलेले असतात आणि लेकराचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाचं गाव, पहाटेचं रान, दुपारी झोप आणि संध्याकाळी अंगणात खाट एवढंच पुरे.

जुलैअखेर ते सप्टेंबर वेरूळ, म्हैसमाळ हिरवं असतं, धबधबे असतात, पण दगडावर शेवाळंही असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. शिवाय याच दिवसांत रानात हुरडा असतो आणि लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या येते. दरवर्षी त्याच रानात, त्याच कडब्याच्या कोपीजवळ सगळं खानदान जमतं. भज्जी, उंडे, आंबील. एकाच जागी परत परत जायचं म्हणतो त्याचा सगळ्यात सोपा प्रकार हाच, आणि त्याला खर्चही नाही. तुमच्याकडे येळवस असेल तर वर्षातली ती सहल ठरलेलीच समजा.

बिनतिकीट वय : जन्मापासून पाचपर्यंत

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला अंगावरचं दूध एवढंच पुरतं. कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी द्यायचं नाही. फक्त दूध वरचेवर पाजायचं. एसटीत शेजारची आजी ‘घोटभर पाजा की, लेकराचा घसा वाळला’ म्हणणारच. हसून हो म्हणा आणि देऊ नका. मात्र आईने स्वतः जास्त पाणी प्यायला हवं, आणि आपण प्रवासात नेमकी तिचीच बाटली रिकामी ठेवतो.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर दोन दिवस ताप येऊ शकतो. त्या दोन दिवसांत लांबचा प्रवास ठेवू नका. लसीकरणाचं कार्ड सोबत असू द्या, निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये.

वाहन कुठलं? पाचच्या आतल्या लेकराला घेऊन लांब जायचं असेल तर मी आधी रेल्वेचं वेळापत्रक बघतो. उठता येतं, पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह असतं. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यात दिवसा धावणारी तपोवन एक्सप्रेस आहे, रात्रीसाठी देवगिरी आणि नंदिग्राम आहेत. रेल्वेतही पाचपर्यंत तिकीट नाही, पण वेगळा बर्थही नाही. पाच ते बाराच्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाही घेतला तर अर्धं. रात्रीच्या प्रवासात सहा वर्षांचं पोरगं आईच्या बर्थवर मावेल असं तिकीट काढताना वाटतं. ते मावतं, आई मावत नाही. पैसे भरा, बर्थ घ्या.

एसटीत मागच्या चाकावरच्या आणि त्यामागच्या जागा टाळा, धक्के तिथेच जास्त बसतात. लेकराला खिडकीत बसवलं तर हात आत ठेवायला शिकवा. तालुक्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो तेव्हा मध्ये वीतभर जागा उरलेली असते.

कारमध्ये लेकरू मागच्याच सीटवर, आणि लहान असेल तर त्याच्या मापाच्या आसनात पट्टा लावून. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. जोरात ब्रेक लागला की लेकरू हातात राहत नाही आणि एअरबॅग उघडली तर तीच त्याला मारते.

आता मोटारसायकल. मराठवाड्यात निम्मी घरं अशीच जातात : टाकीवर एक, मध्ये एक, मागे आई आणि तिच्या कडेवर तिसरं. कायदा काय सांगतो तेवढं सांगतो. चार वर्षांखालच्या लेकराला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराच्या डोक्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. टाकीवर बसवू नका. गाडी आदळली तर हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये तेच सापडतं. शेजारच्या गावापुरतं जायचं असलं तरी हे लागू आहे. लांबच्या गावाला एसटी आहे.

या वयात दिवसाचं गणित झोपेभोवती मांडायचं. दुपारी एक ते तीन झोपणारं लेकरू असेल तर प्रवास त्या दोन तासांत ठेवा आणि ठिकाण सकाळी किंवा चारनंतर बघा. झोप मोडून दाखवलेलं देऊळ त्याला कधीच आवडत नाही.

शिदोरी

धाब्यावरची पनीरची भाजी आणि बसस्टँडवरचे समोसे लेकराच्या पोटाला मानवतीलच असं नाही. आपल्याकडे प्रवासाचं खाणं पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे, त्यात सुधारणा करायची फारशी गरज नाही.

दशमीचं पीठ दुधात भिजवायचं, पाणी घालायचं नाही. मऊ राहते, लहानांना नुसती खाता येते. थंडीत दुसऱ्या दिवशीही चालते, उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा. धपाट्यांत लेकरांसाठी तिखट वेगळं काढा : आधी ज्वारी, थोडी कणीक, बेसन, तीळ, कोथिंबीर, हळद, मीठ यांचं पीठ मळून लहानांचे चार थापून घ्यायचे, मग उरलेल्यात मिरची-लसणाचं वाटण घालायचं. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. वाफ धरली की दुपारपर्यंत आंबूस वास येतो. सोबत शेंगदाण्याची चटणी कोरडी. दही न्यायचं असेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सकाळी दहाच्या आत संपवायचं. मुरमुऱ्यांचा सुशीला घरच्या नाश्त्याला चांगला, पण डब्यात चिवट होतो.

फळांत केळी आणि मोसंबी. मोसंबी जालन्याकडे स्टँडवरच मिळते, सोलायला वेळ लागतो आणि लेकराचा पाऊण तास बरा जातो. कापलेलं फळ विकत घेऊ नका.

पाणी घरून न्या, प्रत्येक लेकराची बाटली वेगळी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आज हाफ तिकिटात असलेली लेकरं तेव्हा तान्ही होती नाहीतर जन्मायची होती, त्यांना ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. उरलेलं पाणी ओतून न देता झाडाला घालायचं, ही सवय लावायला प्रवासाएवढी चांगली वेळ दुसरी नाही.

उलटी, ऊन, जुलाब

गाडी लागणं दोन ते बारा वर्षांत सगळ्यात जास्त. डोळे स्थिर पुस्तकावर किंवा मोबाइलवर आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, या भांडणातून मळमळ होते. म्हणून क्रम असा ठेवा. निघण्यापूर्वी हलकं खाणं, उपाशी नाही आणि पुरीभाजीही नाही. बसायला पुढची जागा, खिडकी उघडी, नजर लांबच्या डोंगरावर किंवा रस्त्यावर. मोबाइल बंद. लेकरू एकदम गप्प झालं, जांभया देऊ लागलं, चेहरा पांढरा पडला की पाच मिनिटांत उलटी होणार हे धरून चाला आणि पिशवी हातात घ्या. कारमध्ये असाल तर थांबा, उतरा, दहा मिनिटं चालवा. गोळी द्यायचीच असेल तर वय-वजन सांगून डॉक्टरांकडूनच मात्रा ठरवून घ्या, मोठ्यांची अर्धी करून नको.

जुलाब-उलट्या लागल्या तर जलसंजीवनीची (ओआरएसची) दोन पाकिटं पिशवीत असू द्या. पाकीट एकदम फोडून त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात कालवायचं. पेलाभर पाण्यात चिमूटभर असं करू नका, प्रमाण बिघडतं. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजा, गटागट नको. दुकानातलं रंगीत गोड पेय म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

जीभ कोरडी, डोळे खोल, रडताना पाणी नाही, सहा तास लघवी नाही, यातलं काही दिसलं तर सहल तिथेच थांबवून दवाखाना गाठा. उन्हाने अंग तापलं आणि लेकरू बरळू लागलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन, सावली, ओलं कापड, वारा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हाफ तिकीट : पाच ते बारा

सगळ्यात मजेचा काळ हाच, आणि सगळ्यात जास्त वाया घालवला जाणाराही. आठ वर्षांच्या पोराला आपण ‘बस गप, उतरायचंय का तुला एवढ्यात’ म्हणत नेतो. त्याऐवजी त्याला काम द्या. काम खरं असलं पाहिजे, खोटं काम लेकराला लगेच कळतं.

पाच-सहाव्या वर्षी : उतरताना पिशव्या मोजायच्या. चढताना पाच होत्या तर उतरल्यावर पाच भरल्या पाहिजेत, आणि तो मोजेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. सात-आठव्या वर्षी : तिकिटं त्याच्या खिशात. रेल्वेत असाल तर स्टेशनं वाचायची. नांदेड सोडलं की पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू, परतूर, रांजणी, जालना. कुठलं पुढे येणार ते त्याने सांगायचं. नवव्या-दहाव्या वर्षी : चहाचे पैसे त्याने द्यायचे आणि सुटे मोजून घ्यायचे. चहावाला पाच रुपये कमी देऊ शकतो, द्या देऊ. अकराव्या वर्षी : चौकशीच्या खिडकीवर जाऊन ‘काका, तुळजापूरची गाडी किती वाजता?’ हे त्याने एकट्याने विचारायचं. तुम्ही दहा पावलं मागे उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड असतं, आईबापाला.

या वयात वेरूळ उत्तम. माझी पद्धत अशी. सकाळी लवकर पोचायचं आणि सरळ १६ नंबरच्या कैलास लेण्यात जायचं, कारण तेव्हा लेकरांचे पाय ताजे असतात आणि गर्दी कमी. आत गेल्यावर इतिहास सांगू नका. एकच प्रश्न विचारा : हे बांधलं कसं असेल? विटा, खांब, क्रेन अशी सगळी उत्तरं येऊ द्या. मग सांगा की बांधलंच नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणला, आधी कळस, शेवटी पाया. एकही दगड चुकीचा फुटला तर परत लावता येणार नव्हता. हे ऐकल्यावर लेकरू वर बघतं, खाली बघतं आणि परत वर बघतं. त्यानंतर देवळाच्या जोत्याभोवती कोरलेले हत्ती मोजायला सोडा. बाहेरच्या बाजूने चढून वरून कैलास बघता येतो, पण कड्यापासून लांब राहायचं, आणि सातच्या आतल्या लेकराला नेऊच नका.

दुसरं लेणं १० नंबरचं. छत दगडाचंच, पण लाकडी फासळ्यांसारखं कोरलेलं, म्हणून त्याला सुताराची झोपडी म्हणतात. तिथे लेकरांना हळू आवाजात एखादी ओळ म्हणायला सांगा आणि घुमतं कसं ते ऐकू द्या. तिसरं १२ नंबरचं, तीन मजल्यांचं. पोरांना जिने आवडतात. एवढ्यावर थांबा. एकूण ३४ लेणी आहेत, त्यांतली ३१ पुढच्या वर्षांसाठी ठेवा. ३० ते ३४ ही जैन लेणी जरा लांब आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र सकाळ हवी. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही आणि हातात केळं घेऊन चालायचं नाही.

देवगिरीला सातव्या-आठव्या वर्षानंतर न्या. त्याआधी चांद मिनार आणि हत्ती हौदापर्यंत जाऊन परत. किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारात, वटवाघळं असतात, वास असतो, पायऱ्या निसरड्या. प्रत्येकाला टॉर्च आणि पायांत पट्ट्याची चप्पल किंवा बूट. जे लेकरू आत जायला नको म्हणेल त्याला भित्रा म्हणू नका. एक मोठा माणूस त्याच्यासोबत बाहेर थांबेल. पुढच्या खेपेला ते आपणहून सगळ्यांच्या पुढे जातं.

पैठणला हिवाळ्यात. जायकवाडीच्या २७ दरवाजांपेक्षा नाथसागराच्या काठचे पक्षी लेकरांना जास्त गुंतवतात. थंडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात. दुर्बीण असेल तर घ्या. पाण्यात उतरायचं नाही, काठ चिखलाचा असतो आणि खोली कळत नाही. मग नाथांचा वाडा, आणि दुपारी पैठणीचा माग. कारागीर धोट्यांतून मोर कसा उठवतो ते आठ-नऊ वर्षांचं लेकरू चांगलं अर्धा तास बघतं. बघू द्या, ‘चला आता’ म्हणू नका. विणकराचं काम चालू असतं, तेव्हा आधी विचारा आणि हात लावू नका.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गेलात तर डोकं झाकायला सगळ्यांकडे रुमाल हवेत, लेकरांकडेही. लंगरमध्ये पंगतीला बसा आणि जेवल्यावर लेकराला स्वतःचं ताट स्वतः नेऊन ठेवायला सांगा. घरी महिनाभर सांगून न होणारं काम तिथे शंभर माणसांत आपोआप होतं.

गर्दीच्या ठिकाणी, म्हणजे नाथषष्ठीचं पैठण किंवा नवरात्रातलं तुळजापूर, निघायच्या आधी त्या दिवशीच्या कपड्यांत लेकराचा एक फोटो काढून ठेवा. खिशात फोन नंबरची चिठ्ठी, आणि नंबर पाठही. ‘हरवलास तर आम्हाला शोधत फिरू नको, आहेस तिथेच उभा राहा, आणि लेकरं सोबत असलेल्या एखाद्या बाईला नाहीतर पोलिसाला सांग’ हे वाक्य घरीच दोनदा म्हणून घ्या. लहान मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८, पोलीस ११२, रेल्वेत १३९.

फुल तिकीट : बाराच्या पुढे

इथे एक गंमत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे मुलगी बाराची झाली तरी तिचं तिकीट अर्ध्या पैशांतच. आई अर्ध्यात, पंचाहत्तरी ओलांडलेली आजी फुकट, तान्हं फुकट. सगळ्या घरात फुल भरणारा बाप आणि मोठं पोरगं. पण या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. उदगीरहून बीदरला किंवा देगलूरहून तेलंगणात निघालात तर हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण. आजीचं आधार कार्ड मूळ प्रत सोबत असू द्या.

या वयाच्या लेकराला ठिकाण दाखवायचं नसतं, त्याच्याकडून आखून घ्यायचं असतं. त्याला तीन गोष्टी द्या : तारीख, पैशांचा आकडा आणि ‘आजीला जास्त चालता येत नाही’ ही अट. गाड्या, वेळा, जेवण, मुक्काम सगळं त्याने कागदावर मांडावं. तुम्ही फक्त दोन बाबी तपासा : बंदचा वार आणि शेवटची परतीची गाडी. बाकी बेत फसला तर फसू द्या. स्टँडवर दीड तास बसावं लागलं की पुढचा बेत चांगला होतो.

अजिंठा मी या वयासाठी राखून ठेवतो. चढ-उतार जास्त, चित्रं बघायला दम लागतो आणि कथा कळायला वाचन लागतं. संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटर. फर्दापूरजवळ आपली गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. आत उजेड मंद ठेवलेला असतो. दारातून शिरल्याबरोबर ‘काही दिसत नाही’ म्हणू नका, दोन-तीन मिनिटं उभे राहा, डोळे सरावले की भिंतीतून माणसं बाहेर येऊ लागतात. फ्लॅश चालत नाही. १ नंबरमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, १७ मध्ये जातककथा म्हणजे बुद्धांच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, २६ मध्ये निर्वाणशय्येवरचे बुद्ध, एवढंच बघितलं तरी सकाळ भरते. जाण्याआधी त्यातली षड्दंत, म्हणजे सहा सुळ्यांच्या, हत्तीची गोष्ट घरी सांगून ठेवा. १७ नंबरमध्ये ती शोधायचं काम मोठ्याचं. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी बघितली आणि १० नंबरच्या खांबावर नाव कोरलं, हे ऐकून पोरं हसतात. तेव्हाच आपण किल्ल्यांच्या भिंतींवर काय खरडतो तो विषय काढा.

धाराशिवजवळचं तेर अजून फारशी घरं करत नाहीत, पण या वयाला ते फार छान. प्राचीन तगर नगर हेच. इथून माल रोमपर्यंत जात होता आणि तिथल्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आहेत. हस्तिदंताची बाहुली चुकवू नका. गोरोबा काकांची समाधी आणि विटांचं त्रिविक्रम मंदिर त्याच गावात, चालत होतं.

नोंद कशी ठेवायची

हजार फोटो काढले जातात आणि एकही बघितला जात नाही. त्यापेक्षा एक जागा ठरवा : कैलासातला एखादा हत्ती, औशाचा दरवाजा, नाहीतर गावच्या वाड्याचा उंबरठा. दर खेपेला लेकराला तिथेच उभं करायचं, तुम्ही तेवढ्याच पावलांवर उभं राहायचं, मोबाइल लेकराच्या छातीच्या उंचीवर धरायचा. हसायला सांगू नका. चौथ्या वर्षी हत्तीच्या गुडघ्याशी असलेलं डोकं नवव्या वर्षी कुठे गेलं ते फोटोच सांगतो.

भिंतीवर उंचीची खूण करताना अनवाणी, टाचा-कुल्ले-खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर आणि डोक्यावर पट्टी नव्हे तर जाड पुस्तक, भिंतीशी काटकोनात. वेळ शक्यतो सकाळची, कारण संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढ होते. दोन वाढदिवसांत खूण जवळपास तिथेच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. चुलत-मावस भावंडांशी तुलना मात्र भिंतीवर नको. प्रत्येकाची खूण वेगळ्या कोपऱ्यात.

एसटीचं मशिनचं तिकीट काही महिन्यांत पांढरं पडतं. ठेवायचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा आणि मागे पेनाने तारीख, गाव आणि कोण-कोण होतं ते लिहा.

आणि परतीच्या गाडीत, घरी पोचायच्या आधी, मोबाइलवर लेकराचा आवाज टेपून घ्या. प्रश्न दर वेळी तेच : काय खाल्लं, कशाची भीती वाटली, कोण दमलं, परत यायचं का, आणि पुढच्या वेळी कोणाला आणायचं. दोन मिनिटं पुरतात. फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग ठिकाण, म्हणजे ‘२०२५-११-वेरूळ’. त्याने सगळ्या आपोआप ओळीने लागतात. वर्षातून एकदा हे सगळं मोबाइलबाहेर दुसऱ्या ठिकाणीही उतरवून ठेवा, आणि त्यातले चारच फोटो तालुक्याच्या स्टुडिओत कागदावर काढून घ्या. बाकीच्यांना हात लावायची गरज पडत नाही.